तळं गोठलंय म्हणे

१२ डिसेंबर
मार्क नाताळला येत नाही. मेसेज आला – "आई, तळं गोठलंय. बर्फानं रस्ते बंद. निघता येत नाही." संपलं! दोन वर्षं झाली, पोरगा स्वित्झर्लंडला ब्रिएंझच्या तळ्याकाठी हॉटेलात कामाला आहे. एकदाही फोन नाही, नुसते मेसेज. ड्युटीवर बोलू देत नाहीत म्हणे.

मी इथे करंज्यांचं सारण भाजून बसले. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "जाऊ दे, हेलन." ह्यांचं सगळंच जाऊ दे.

१३ डिसेंबर
महिला मंडळात सिल्व्हियाबाईंनी विचारलंच, "मार्क येतोय ना?" त्यांना तिकडची थंडी समजावून सांगितली. तीस वर्षं भूगोल शिकवलाय, तेवढं जमतं. बाई गालात हसल्या.

१५ डिसेंबर
शेजारची अफ्रीन मोबाईलवर ब्रिएंझच्या तळ्यावरचा लाइव्ह कॅमेरा लावून गेली. दिवसभर चालू असतो. "बाई, बोट चाललीये बघा." पाणी हिरवंनिळं, मोकळं. काठावर माणसं जॅकेटं काढून उन्हात बसलेली.

मग नेटवर वाचत बसले. तळं अडीचशे मीटरहून खोल. उन्हाळ्याची ऊब पोटात धरून ठेवतं, म्हणून सहसा गोठतच नाही. वर डोंगरावरून फॉन नावाचा कोरडा, गरम वारा उतरतो, तो भर हिवाळ्यात बर्फ वितळवतो.

म्हणजे खोटं बोलला. आईशी! यायचं नाही तर तसं सांगायचं की.

१६ डिसेंबर
मेसेज टाकला – तळ्याकाठी उभा राहून फोटो पाठव. आत्ताच्या आत्ता.

१९ डिसेंबर
उत्तर नाही. करंज्या केल्याच नाहीत. सारण कामवालीला देऊन टाकलं. असला मुलगा असून नसल्यासारखा. जेवताना ह्यांना तसं म्हटलंही. ह्यांनी ताट बाजूला सारलं आणि उठले.

२० डिसेंबर
आज बोलले. "मार्क हितंच, नागापूरला हाय."

एमआयडीसीतल्या कुठल्याशा कंपनीच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करतो. दोन वर्षं! नोकरी लावणारा एजंट त्याला मुंबईत विमानतळावर सोडून पळाला. हे दर शनिवारी त्याला भेटतात – आणि मी समजत होते, पेन्शनर मित्रांकडे जातात. मी विणलेला स्वेटर ह्यांनी 'पोस्टानं' पाठवला होता. स्कूटरवरून अर्ध्या तासाचं पोस्ट!

"घरी का नाही आला?" मी विचारलं.

"तू समद्या चर्चसमोर शाल घालून त्याला निरोप दिलास. कुठल्या तोंडानं येईल त्यो?"

म्हणजे खापर माझ्याच डोक्यावर. ह्यांच्याशी बोलणं बंद केलं.

२२ डिसेंबर
बापलेकांनी मिळून मला मूर्ख बनवलं. मंडळात कोणाकोणाला ठाऊक असेल? सिल्व्हियाबाई उगाच नाही हसल्या. राग जात नाही. जाऊही नये.

२४ डिसेंबर
नाताळची चांदणी काढायला ट्रंक उघडली. तळाशी मार्कची सहावीची भूगोलाची वही निघाली. त्या वर्षी त्याला भूगोल मीच शिकवत होते.

'आल्प्स पर्वतातील सर्व सरोवरे हिवाळ्यात पूर्णपणे गोठतात.' – मीच सांगितलेलं, त्यानं शब्द न् शब्द उतरवून घेतलेलं. शेजारी लाल शाईत बरोबरची खूण. शाब्बास. खाली माझी सही.

ह्यांना म्हटलं, स्कूटर काढा.