पडद्याआडचं 'हव'

३ नोव्हेंबर २००२
आर्वीच्या शाळेतली हजेरी अजून कानात आहे. चाळीस पोरांचं 'हजर', आणि मधेच एकाच पोराच्या तोंडून चार गैरहजर पोरांचे चार निरनिराळे आवाज. तो गुलाब. मला कळायचं, हसू यायचं, आणि मी चौघांनाही हजर मांडायचो. काल तोच गुलाबराव रायपूर स्टेशनवर मला न्यायला आला. वाकून पाया पडला. राजधानी झाल्यापासून इथं जिकडेतिकडे बांधकाम, आणि बांधकामावर आलेली माणसं मात्र उघड्यावर. त्यांच्यासाठी तो पंडरीजवळ रैनबसेरा, म्हणजे रात्रनिवारा, चालवतो. त्यातल्या अकरा जणांना साखरेचा आजार आहे. म्हणाला, "गुरुजी, तुमच्यासारखा भरवशाचा माणूस मले कुठं भेटन?" ब्राह्मणपाऱ्यात माडीवरची खोलीही त्यानंच पाहून दिली. म्हातारपणी पुन्हा हजेरी घ्यायला मिळणार!

७ नोव्हेंबर
काम गोड आहे. (या आजारात असं म्हणू नये.) फ्रिज नाही, म्हणून इन्सुलिनच्या बाटल्या ओल्या वाळूतल्या मडक्यात. वाळू भिजवायचं काम स्वयंपाकवाल्या सरलाबाईंचं. संध्याकाळी जेवणाआधी मी टेबलाशी बसून एकेक नाव घेतो. खाटा पडद्याआड आहेत; तिकडून 'हव' आलं की हजेरीच्या वहीत नावासमोर खूण करतो. 'हो'ला इथं हव म्हणतात, कसं मऊ वाटतं कानाला. सुई गुलाबराव टोचतो, तो कंपाउंडरी शिकला आहे. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू, तेव्हा माणसं मी आवाजावरूनच ओळखतो. त्यांच्यासाठी शाळकरी चालीत दोन ओळी जुळवल्या:

सुई आधी, मागून भात,
खिशात गूळ, पायावर हात.

साखर एकदम उतरली तर गूळ, आणि पाय रोज चाचपायचे, म्हणून शेवटचं. सगळ्यांत मोठ्यानं म्हणतो मारोती. गवंड्याच्या हाताखाली होता, डाव्या पायाला जखम, हातात पत्र्याच्या टोपणाची काठी. वर विचारतो, "औंदा पास करता का नाही गुरुजी मले?"

१२ नोव्हेंबर
मारोतीची जखम सुकू लागली. दवाखान्यात सांगितलं आहे, सुई चुकली नाही तर पाय वाचेल. त्याला मागेपुढे कोणी नाही. आज म्हणाला, "तुमी नाव घेता तोवर मी जित्ता हाव, गुरुजी." त्याला म्हटलं, तुझं नाव मी कधी गाळणार नाही.

२० नोव्हेंबर
काठीची ठकठक चार-पाच दिवसांत ऐकली नाही. गुलाबरावला विचारलं. म्हणाला, पायाला आराम दिला आहे, आत झोपून असतो. नाव घेतलं की 'हव' येतं, त्याच्याच घोगऱ्या आवाजात. खूण केली. फक्त ओळी काही म्हणत नाही तो हल्ली.

२६ नोव्हेंबर
सरलाबाई कणीक मळता मळता रडू लागल्या. पंधरा तारखेला साहेब लोक पाहणीला यायचे होते. जखमेचा वास येतो म्हणून गुलाबरावनं मारोतीला त्या सकाळीच बाहेर काढलं. त्याच्या वाट्याचं औषध बाहेर विकलं जातं. मी यायच्या आधी तो दोनदा खिडकीशी आला होता, मला हाका मारत. गुलाबरावनं त्याला सांगितलं की गुरुजींनीच तुझं नाव कापलं.
एकवीसला सकाळी अर्धवट इमारतीत सापडला. मेलेला.
आणि वहीत पंधरा ते पंचवीस, अकरा खुणा. माझ्या हातच्या.

२७ नोव्हेंबर
गुलाबरावला जाब विचारला. हसला. म्हणाला, "लहानपणी तुमीच तर चालू देत होते, गुरुजी. आता काहून राग येऊन राहिला?"
वही कलेक्टर कचेरीत देणार, असं सांगितलं. तो गाडी काढून कुठंसा निघून गेला.

२८ नोव्हेंबर
गुलाबराव नाही. सुया टोचायला पायल नावाची नर्स आली. सवयीनं मारोतीचं नाव तोंडून गेलं.
"हव."
पायलनं पडदा ओढला. खाट रिकामी. सरलाबाईंच्या हातून पळी पडली — म्हणजे त्यांनीही ऐकलं.

२९ नोव्हेंबर
आज त्याचं नाव घेतलं नाही. दहाच घेतली. वही मिटली.
तरी आलं. "हव."
मी नाव कापलं नव्हतं रे, मारोती — हे कोणाला सांगू —

३० नोव्हेंबर, दुपार
वही पिशवीत घातली. निघणार, तोच जिन्यावर —
ठक.
पत्र्याचं टोपण.
ठक. तोच आहे. बरं झालं. मीच सांगेन त्याला, तोंडावर सांगेन —

दार उघडलं. गुलाबराव.
तोच, अगदी जवळून पाहिला. डावा पाय चिंध्यांत गुंडाळलेला. हातात ती काठी. डोळ्यांतून पाणी. बोलायला बघतो, पण तोंडातून त्याचा आवाज येत नाही — घोगरा येतो —
"नाव काहून कापलं, गुरुजी?"
मी मागे सरलो. पेन हातात आहे म्हणून लिहितो — तो उंबऱ्यातच — बाही वर सारतो आहे, दंड पुढं करतो आहे — वही मागतो —
म्हणतो आहे, सुई आधी —
सुई आधी, मागून —