मूठभरची कातडी

ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुझा आवाज ऐकला की मला रडू कोसळतं आणि तू नुसती ‘हॅलो, हॅलो’ करत राहतेस, म्हणून लिहितेय. बाळ फार लवकर आलं गं. मुलगी आहे. हे तिला ‘मूठभर’ म्हणतात. जन्मभर लोकांची मापं घेणारा शिंपी, पण तिच्या टोपीचं माप ह्यांनी बोटाच्या पेरांनी घेतलं.

तिला काचेच्या पेटीत ठेवलंय. कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसतात. चिकटपट्टी काढली तरी सोलवटते. नर्सबाई म्हणतात, कुरवाळायचं नाही, नुसता तळवा ठेवायचा. मी अजून तिला उचललेलंच नाही. तू एवढी वर्षं कातडीचाच अभ्यास करतेस ना? मग सांग, हिची कधी तयार होईल? मी हिला छातीशी कधी धरू?

माझ्यावरचा लोभ थोडा तिलाही दे.
तुझी ठकू

ता. ९ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

आधी जेव. तू उपाशी राहून तिचं वजन वाढायचं नाही.

आमच्या प्रयोगशाळेत आम्ही हेच बघत असतो. कातडीच्या पेशी शेजारणींसारख्या एकमेकींना निरोप धाडतात. तळच्या पेशीला निरोप मिळतो, वर सरक. सरकता सरकता ती चपटी होते, तेलकट पदार्थ बाहेर टाकते आणि पार वर पोचली की मरते. अशा मेलेल्या पेशींचे थरावर थर बसून भिंत उभी राहते. मग आतलं पाणी आत आणि जंतू बाहेर. पोटात या कामाला घाई नसते, पण बाहेरची हवा लागली की ते उरकावं लागतं. म्हणून सांगते, धीर धर. निरोपाची वेळ आता आलीच आहे, ते कुणाच्या हातात नसतं.

इथली सगळी माया पाठवतेय, पुरवून वापर.
तुझी ताई

ता. १५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून ह्यांना पत्र वाचून दाखवलं. पेशींचं निम्मं डोक्यावरून गेलं, पण शेवट बरोबर कळला. निरोपाची वेळ आलीच आहे. हे उठून जिन्यात गेले. तू शिकलेली, तुला आमच्याआधी कळणारच. पण इतकं आडून कशाला लिहायचं?

मी तशीच डॉक्टरीणबाईंकडे गेले. म्हटलं, जायचीच असेल तर माझ्या कुशीतून जाऊ दे, काचेतून नको. त्या म्हणाल्या, जायचीय असं कोण म्हणालं तुम्हाला? कातडीला आणखी आठवडा द्या. मी हटून बसले, नुसता आकांत मांडला. शेवटी त्याच वैतागल्या आणि हो म्हणाल्या. नर्सबाईंनी नळ्या सांभाळत तिला माझ्या उघड्या छातीवर ठेवलं. वजन असं लागतच नव्हतं गं, नुसती ऊब. तिने तोंड हलवलं आणि झोपली. आता रोज घेते.

तुझ्यावर रागावलेय, पण लोभ काही तोडता येत नाही.
तुझी ठकू

ता. २१ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

अगं वेडाबाई! पत्र वाचून कपाळावर हात मारून घेतला. निरोप पेशींचा गं, पेशींचा! ‘वर सरक, भिंत बांध’ असं एकीने दुसरीला सांगायचा. मी चांगली बातमी लिहिली आणि तू पार ‘ध’चा ‘मा’ केलास. मेव्हण्यांनाही समजावून सांग, बिचारे काय काय मनात घेऊन बसले असतील. कान पकडते, यापुढे ‘सांगावा’ लिहीन.

पण माझं ऐक. डॉक्टरीणबाईंचं बरोबर आहे. अजून थोडे दिवस तिला काचेतच राहू दे, तिच्या कातडीला ही घाई सोसायची नाही. पुढे जन्मभर कडेवर घ्यायचीच आहे, कंटाळशील.

राग गेला असेल तर लोभ कळव.
तुझी ताई

ता. २७ फेब्रुवारी

ताई,

मायना सुचत नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा मूठभर गेली होती. सकाळी, माझ्या छातीवरच. फुप्फुसं थकली, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी पुन्हा पुन्हा विचारलं, माझ्या धरण्यामुळे का? त्या म्हणाल्या, नाही, तिच्या अंगावर साधा ओरखडाही नाही. तरी मी विचारतच राहिले.

तुझं पत्र मी नीट वाचलं असतं तर मी थांबले असते. तुझा शब्द कधी मोडलाय का मी? आणि मग ती मला कळलीच नसती. तेव्हा तू शब्द चुकला म्हणून हळहळू नकोस. माझ्या वाट्याला जे आलं ते त्या चुकीमुळेच आलं. हे नुसते बसून आहेत. मशीनवरचं कापड तसंच आहे.

न्यायच्या आधी नर्सबाईंनी विचारलं, आंघोळ तुम्ही घालता का? तिची पहिलीच. हे पाणी ओतत होते, कोमट. थेंब तिच्या पाठीवर गोल गोल उभे राहिले आणि ओघळून गेले, एकही आत मुरला नाही. मग मी हात फिरवला, डोक्यापासून टाचेपर्यंत, हवा तेवढा वेळ. कुठे म्हणून सोलवटलं नाही.

तयार झाली होती गं ताई, तिची कातडी.

ठकू