गाडी येऊन राह्यली

बाबा,

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. एवढ्या काळात मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही. आज लिहिते आहे ते एका चुकीबद्दल. चूक माझी आहे, कामातली आहे, आणि तुमच्याशिवाय ती कुणाला नीट समजेल असं वाटत नाही. मायला सांगायला गेले तर ती म्हणते, "पास झाली ना शेवटी? मंग झालं."

मी स्टेशन मास्तर होण्याचं प्रशिक्षण घेते आहे. पुस्तकं आणि नियम संपले की सिम्युलेटरवर बसवतात. एक थंडगार खोली असते, समोर तीन पडदे, आणि त्यांच्यावर कुठेच नसलेल्या एका स्टेशनाचे रूळ रेषांनी काढलेले. गाडी जिथे असेल तिथली रेषा लाल होते. बटणं दाबून काटे फिरवायचे, सिग्नल द्यायचा. गाड्या खोट्या, नियम सगळे खरे. सर काचेपलीकडे शेजारच्या खोलीत बसतात आणि फोनवर ड्रायव्हर, पुढचा स्टेशन मास्तर, फाटकवाला, सगळे तेच होतात. ते मोताळ्याकडचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले आहेत. ड्रायव्हर झाले की हिंदी बोलतात, साहेब झाले की पुस्तकी मराठी, आणि काटे सांभाळणारा पॉइंट्समन झाले की घरचं. परीक्षेला दोन संधी असतात. दुसरीही गेली तर स्टेशन मिळत नाही, कुठल्यातरी कार्यालयात कारकुनाची जागा देतात. आणि शेगावात मायने अख्ख्या गल्लीला आधीच सांगून ठेवलं होतं की पोरगी गाड्या सोडणार आहे.

पहिल्या संधीला काय झालं ते क्रमाने सांगते. रुळालगत एक यंत्र असतं, ते आत गेलेली आणि बाहेर पडलेली चाकं मोजतं. दोन्ही आकडे जुळले की मधला रूळ मोकळा. तुमच्या फाटकावर ते नव्हतं म्हणून सांगते. सरांनी परीक्षेत ते मुद्दाम बंद पाडलं. माझ्या स्टेशनात एक मालगाडी शिरत होती आणि तिच्या मागे, मागच्या स्टेशनात, पॅसेंजर सुटायची वाट बघत उभी होती. मालगाडी सगळी आत आली आहे का तिचं शेपूट अजून बाहेर आहे, हे आता यंत्र सांगणार नव्हतं. ते पॉइंट्समनने शेवटचा डबा डोळ्यांनी पाहून सांगायचं होतं. मी फोन लावला.

"मॅडम, गाडी येऊन राह्यली," सर म्हणाले.

मी "ठीक आहे" म्हटलं, यंत्र शून्यावर आणलं आणि पॅसेंजर सोडायला मागच्या स्टेशनाला परवानगी दिली. थोड्या वेळाने पडदा आहे तिथेच थांबला. मालगाडीचे नऊ डबे अजून सिग्नलच्या बाहेर होते.

सर चहाचा कप घेऊन बाहेर आले. "काय ऐकलं तुम्ही?"

"गाडी आली, असं सांगितलंत सर."

"म्या 'आली' म्हटलं?"

सगळे फोन ध्वनिमुद्रित होतात. त्यांनी ते ऐकवलं. गाडी येऊन राह्यली. स्वच्छ ऐकू येत होतं.

"गाव कोणतं तुमचं?"

"पुण्याला शिकले, सर."

"शिकल्या कुठं ते नाही विचारून राह्यलो. गाव?"

"शेगावजवळ."

 सर म्हणाले, "शेगावची पोरगी अन् 'येऊन राह्यली' समजत नाही. प्रायव्हेट नंबर तरी घेतला का? तो मागितला असता तर मीच म्हटलं असतं, थांबा, अजून शेपूट बाहेर हाय." तुम्ही फाटकावर द्यायचात तोच हा नंबर, सांगितलेलं पक्कं करणारा आकडा. मी तो घेतला नव्हता. दुपारच्या जेवणाला माझ्या तुकडीतला खामगावचा मुलगा ताट घेऊन समोर बसला. "पुण्याच्या मॅडमनं दोन गाड्या एकावर एक रचल्या म्हणे! आमच्याकडं कडब्याच्या गंजी लावतेत तशा." मी जेवत राहिले.

पुण्यात 'येऊन राहिली' म्हणजे आली आणि मुक्कामाला थांबली. आपल्याकडे त्याचा अर्थ अजून येते आहे. दोन्ही अर्थ मला माहीत होते. त्या क्षणी कानाने पुण्याचा उचलला. पुण्याच्या वसतिगृहात पहिल्या आठवड्यात मी "मले पाणी दे" म्हटलं आणि सगळं टेबल हसलं, त्यानंतर दोन महिन्यांत मी बोलणं बदलून घेतलं. काम म्हणूनच घेतलं मी ते, रोज थोडं. ते इतकं पक्कं झालं असेल असं वाटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मला तुमचं फाटक आठवलं. मी चौथीत आहे. शाळा सुटली की मी डबा घेऊन येते आणि तुम्ही भाकरी खाईपर्यंत खोलीच्या पायरीवर बसते. रुळाकडेच्या पट्टीत तुम्ही भेंडी लावली आहे, हात धुतलेलं पाणी तिला जातं. घंटी वाजते, तुम्ही नंबर देता-घेता, छापील यादीतला तो दोन अंकी आकडा पेन्सिलीने खोडता, कारण एकदा दिलेला आकडा पुन्हा चालत नाही. फाटक पडतं. इंजिन माझ्यासमोरून जातं आणि मी ओरडते, "गेली!" आणि फाटक उचलायच्या दांड्याला हात घालते. तुम्ही माझं मनगट धरता. त्याआधी किंवा नंतर तुम्ही मला कधी तसं धरलं नाही.

"गेली म्हनू नको. जाऊन राह्यली. शेवटची पाटी पाह्यली का तू?"

"नाही."

"मंग काऊन गेली म्हनतं?"

शेवटच्या डब्यामागे पाटी लटकलेली असते, ती दिसली की गाडी अख्खी गेली, मध्ये कुठे तुटली नाही. पाटी गेल्यावर तुम्ही म्हणालात, "हां. आता गेली." मग दांड्यावर माझा हात ठेवून त्यावर तुमचा ठेवलात आणि फाटक आपण दोघांनी उचललं. मी नऊ वर्षांची होते, पण त्या दोन शब्दांमधला फरक तुम्ही मला दिला होता, आणि मी तो नियमाच्या कुठल्याही पुस्तकाआधी शिकले होते. मग तो सोडलाही मीच.

तेही लिहायला हवं. मी आठवीत होते. शेगावच्या शाळेतल्या दोन मैत्रिणी फाटक बघायला आल्या होत्या. एक ट्रॅक्टरवाला घाई करत होता आणि तुम्ही त्याला म्हणालात, "थांब ना भाऊ, गाडी येऊन राह्यली." मी सगळ्यांसमोर म्हटलं, "बाबा, 'येऊन राह्यली' नाही, 'येत आहे' म्हणतात." मैत्रिणी हसल्या. ट्रॅक्टरवालाही हसला. तुम्ही त्याच्याकडे वळून मोठ्याने म्हणालात, "ऐकलं का? मास्तरीणबाई सांगून राह्यल्या. गाडी येत आहे!" आणि तुम्हीही हसलात. मला वाटलं, झालं. पण त्यानंतर माझ्या मैत्रिणी आल्या की तुम्ही झेंडा काखेत धरून बाहेर जाऊन उभे राहायचात, गाडीची वेळ नसतानासुद्धा. त्या जाईपर्यंत आत यायचा नाहीत. ते तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. मी काही बोलले नाही.

दुसरी संधी गेल्या मंगळवारी झाली. सरांनी पुन्हा तेच यंत्र बंद पाडलं, बहुतेक मुद्दाम. मालगाडी आत शिरत होती, मागे पॅसेंजर.  मी फोन लावला.

"मॅडम, गाडी येऊन राह्यली."

"काय म्हणालात? पुन्हा सांगा."

"गाडी येऊन राह्यली म्हनलं. शेपूट बाहेरच हाय अजून."

"येऊ द्या. पाटी पाहा आणि नंबर द्या."

चार मिनिटं मी बटणाला हात लावला नाही. मागचा स्टेशन मास्तर, म्हणजे सरच, दोनदा फोन करून पॅसेंजरसाठी ओरडले. मग पॉइंट्समनचा फोन आला. "आली. पूर्ण आली. पाटी पाह्यली. नंबर सत्तावन्न." मी आकडा परत म्हणून दाखवला, वहीत लिहिला, आणि मगच परवानगी दिली.

मी पास झाले. पुढच्या महिन्यात स्टेशन मिळेल, कोणतं ते अजून कळलेलं नाही. मायने गल्लीत पेढे वाटले, एक पुडा इकडेही पाठवला. त्या खामगावच्या मुलाने दोन उचलले आणि म्हणाला, "आता पुण्याले नका जाऊ परत."

हे पत्र मी टाकणार नाही. तुमचा पत्ता म्हणून मला फाटकाचा नंबरच पाठ होता, आणि आता तिथे फाटक नाही, रुळाखालून रस्ता गेला आहे. मी मागच्या रविवारी जाऊन पाहून आले. तुमच्या खोलीचा चौथरा तेवढा आहे.

एक राहिलं. निकालानंतर सरांनी विचारलं होतं, "या खेपी म्या एकदा म्हटलं तवाच बरोबर समजलं होतं तुम्हाले, तोंडावर दिसत होतं. काचेतून पाहून राह्यलो होतो मी. मंग पुन्हा काऊन म्हनायले लावलं?" मी म्हटलं, "खात्रीसाठी, सर." त्यांनी मान हलवली आणि सावधपणाच्या रकान्यात पूर्ण गुण दिले. ते गुण मी घेतले, बाबा. खात्री मला पहिल्या वेळेलाच झाली होती; ते शब्द मला पुन्हा ऐकायचे होते.