अंगणातून जाणारा नळ

मी, यमुना श्रीधर देवपुजारी, राहणार प्रताप नगर, नागपूर, पूर्ण शुद्धीवर असून स्वतःच्या मर्जीने हे लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके नाही.

घर मुलगा मधुसूदन याचे. पोस्टातील ठेव आणि पाटल्या मुलगी उत्तरा हिच्या. त्या मोडून नवऱ्याला स्कूटर घेऊन देऊ नये.

दीर कृष्णकांत यांना बगीच्याच्या राखणीची काठी द्यावी. सासऱ्यांनी लावलेला संत्र्याचा बगीचा त्यांनी प्लॉट पाडून विकला. नकाशात मुलांसाठी सोडलेले मैदानही विकून टाकले. मला कोणी विचारलेसुद्धा नाही. आजही जीव जळतो.

त्या बगीच्यातली एक विहीर आणि एक झाड तेवढे माझ्या अंगणात उरले. झाड म्हातारे झाले, फळ आंबट येते, पण या घरात माझे म्हणावे असे तेवढेच. मधुसूदनला विहीर बुजवून भाडेकरूंसाठी खोल्या काढायच्या आहेत. मागच्या वस्तीतल्या बायका उन्हाळाभर तिच्यावरच पाणी भरतात. म्हणून विहीर मी त्या वस्तीतल्या सुभद्राच्या नावे लिहिली होती. काल तिला हौसेने वाचून दाखवले.

ती म्हणाली, “मले विहीर नको, बाई. तुमच्या घरी नळ, अन् आमच्या हाती काहून दोर? लाइन तुमच्या अंगणातून आली तं वस्तीत पोचते. झाड आडवं येऊन राहिलं.”

मला रागच आला. अगं, एवढे मनापासून देते आहे! रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी कलम बदलले: विहीर घराबरोबर मधुसूदनची. बुजवू नको रे बाबा, एवढीच विनंती. आणि माझ्या मृत्यूनंतर झाड तोडून वस्तीचा पाइप अंगणातून जाऊ द्यावा.

सुभद्राला बोलावून तेही वाचले. ती हळूच म्हणाली, “मंग आमी तुमच्या मरनाची वाट पाहाची काय, बाई?”

पाइपाचे कलम खोडले आहे. परवानगीच्या कागदावर आजच सही केली. सोमवारी झाड तोडतील. मी त्या दिवशी उत्तराकडे जाईन, मला ते बघवणार नाही.

या मृत्युपत्रात सुभद्राला आता काहीच मिळत नाही. त्यामुळे तिची साक्ष चालते.

सही: यमुना श्रीधर देवपुजारी
साक्षीदार: १. चंपतराव ढोबळे, शेजारी (सही)
२. सुभद्रा, मागची वस्ती (अंगठा)
नागपूर, १२ मे १९७९