जवसाचं तळं

३ फेब्रुवारी

"मी एकटा होतो."

दादाने आज प्रस्तावनेचं हे पहिलंच वाक्य सांगितलं आणि माझी बोटं थांबली. एकटा? मग मी कोण होते — कुंपणावरची चिमणी?

थांबले, पण टाइप केलं. सगळी नोकरी कोर्टात स्टेनो म्हणून गेली. साक्षीदार बोलेल ते उतरवायचं, आपल्या पदरचं एक अक्षर घालायचं नाही. ती सवय आता काय जाणार! नंतर स्वयंपाकघरात कांदा चिरायला घेतला. बाहेरून दादाचा आवाज — "टकळे, कुणावर राग काढतेयस गं?"

कांद्यावर म्हटलं.

४ फेब्रुवारी

मन शांत नाही, म्हणून सगळं लिहूनच काढते.

दादाने जन्मभर कॉलेजात एकच इंग्रज कवी शिकवला. डोंगर, तळी, पायी भटकणं आणि त्यातून सुचलेलं सगळं. पोरं म्हणायची, सर कवितेबद्दल बोलतात तेव्हा खिडकीबाहेर बघतात. आता काचबिंदूने डोळे गेले. वहिनी गेल्यापासून मी इथेच राहते. तो बोलतो, मी टाइप करते. असं त्याचं पुस्तक होतंय. छापखानेवाला पुढच्या आठवड्यात पानं न्यायला येणार.

प्रस्तावनेत त्याला ती सकाळ घ्यायची आहे. आम्ही लहान होतो, रेल्वेच्या वसाहतीत राहायचो. रुळांचा भराव ओलांडून तो पलीकडे गेला आणि समोर तळं! निळंशार. चपला हातात घेतल्या, चड्डी वर खोचली आणि घुसला आत — तर तळं नाहीच, पायाखाली नुसता चिखल. जवसाचं शेत होतं, फुलावर आलेलं. जवसाची फुलं सकाळीच असतात, दुपारपर्यंत गळून जातात. घरचे बघायला गेले तेव्हा नुसतं हिरवं रान होतं. कुणाचा विश्वासच बसेना.

दादा म्हणतो, पुढे तो कवी वाचला तेव्हा ही सकाळ कळली. डोळ्यांना दिसतं त्यात मन आपली भर घालतं, आणि ती भर खोटी नसते. 

सुंदर आहे. पण मी होते ना तिथे! माझ्याही हातात चपला होत्या. त्यांचे ओले पट्टे अजून बोटांना आठवतात. कोर्टात वारसाहक्काच्या भांडणांनी डोकं भणभणलं की मी मनाने त्या शेतात जाऊन यायचे. लग्न मोडलं तेव्हाही तिथेच गेले होते. माझ्याकडे दुसरं असं काही नाहीच.

६ फेब्रुवारी

आज तिसरं प्रकरण. कवी म्हणतो, मी एकटाच भटकत होतो. प्रत्यक्षात बहीण बरोबर होती! दादा रंगात येऊन सांगत होता — "लिही, कवीने बहिणीला कवितेतून अलगद गाळलं."

लिहिलं. मोठ्याने खोकलेही. सरांना काही बोध नाही! दिव्याखाली अंधार.

७ फेब्रुवारी

राहवलं नाही. बोलले. "दादा, त्या सकाळी मी होते. चपला हातात घेऊन तुझ्या मागे उभी होते. तू चिखलात पाय रुतून पडलास, ते मी पाहिलंय."

तो माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "होतीस का? बरं. लिही — आम्ही दोघं होतो."

एवढंच! दूधवाल्याशीसुद्धा वाद जिंकल्याशिवाय दार न लावणारा माणूस हा. एका वाक्यात हरला? कुठेतरी पाणी मुरतंय.

पण खूश झाले. खोटं कशाला बोलू. ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं.

९ फेब्रुवारी

मावशीला फोन केला. त्या काळातली आता तीच एक उरली आहे. फोनवर ओरडून बोलावं लागतं, पण स्मरण शाबूत. दादाची शंका कायमची मिटवायची म्हणून साक्ष काढायला गेले होते. म्हटलं, मावशी, ते जवसाचं शेत आठवतं? दादा आणि मी —

"तू कुठली? तुला गोवर आला होता! मीच आले होते ना तुझ्या आईच्या मदतीला. दादा आला तो गुडघाभर चिखल घेऊन, आणि चढला तुझ्या पलंगावर. हे बघ तळं, म्हणे, घे चपला हातात. आणि तू तापात चपला छातीशी धरून बसलेली! ओल्या चपला गादीवर म्हणून तुझ्या आईने दोघांना धू धू धुतलं. तू मात्र म्हणत होतीस, पाणी किती गार आहे!"

फोन ठेवला. रडले नाही.

रडले. सगळी नोकरी टाइप केलं — ऐकीव साक्ष ग्राह्य नाही. आणि माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली सकाळच ऐकीव निघाली.

१० फेब्रुवारी

दादाला सांगितलं. "तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू इतकं नीट सांगत होतीस, मला वाटलं मीच गेलो नव्हतो बहुतेक."

हसू आलं मेलं! पण 'आम्ही दोघं' खोडलं आणि 'मी एकटा' केलं. जे झालं ते झालं. मी तसं वाचून दाखवलं. दादा म्हणाला, "आता पुढे घे. घरी येऊन आजारी बहिणीला सांगेपर्यंत मी ते पाहिलंच नव्हतं."

म्हटलं, माझी समजूत काढतोयस का?

"नाही गं. तिथे मी नुसता घाबरलो होतो. पाणी कुठे गेलं म्हणून. तुला सांगताना ते निळं झालं."

टाइप केलं. एक अक्षर बदललं नाही.

१२ फेब्रुवारी

छापखानेवाला पानं घेऊन गेला. टेबल कसं ओकंबोकं दिसतंय.

१३ फेब्रुवारी

सकाळी मी चहा देत होते तेव्हा पलंगावर बसलेल्या दादाने हळूच विचारलं, "टकळे, हसू नकोस. निळा कसा असायचा गं? डोळ्यांबरोबर आठवणीतलाही गेला. शेत आठवतं, रंग येत नाही."

मी कप बाजूला ठेवला. दारातल्या त्याच्या चपला आणल्या आणि त्याच्या हातात दिल्या.

"पाय वर घे," म्हटलं. "समोर तळं आहे."