चोपड्याचे दहा दिवस

चोपडे, पेडणे
१४ नोव्हेंबर १९८८

चि. रुद्रेश यास बाबांचे आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक आहोत. आईचा गुडघा धरतो. माझा चष्मा सैल झालाय, तेव्हा अक्षर ओळीबाहेर गेलं तर समजून घे. पत्र वेळेवर पोचेल ना, याचीच धास्ती आहे.

तुझं पाकीट मिळालं. सही करून परत पाठवा, एवढंच म्हणतोस. कागदावर लिहिलंय की जूनमध्ये सदाशिवची होडी आपटून घाटावरची पाणी मोजायची पट्टी हलली, म्हणून आकडे चुकले. मी त्याला विचारलं. जाळं सोडवता सोडवता म्हणाला, "माझी होडी आपटली तर पट्टी मोडतली, हलतली कित्याक? तुझ्या झिलाक होडी म्हायत आसा मां?"

आपल्या मुलाला होडी ठाऊक आहे ना, असं तो मलाच विचारत होता. दोन दिवस जेवण जात नाही.

मॉरिशस, श्रीलंका, फ्रान्स आणि आपण, सगळ्यांनी एकसारखी पट्टी लावून एकाच रीतीने समुद्राचं पाणी मोजायचं, हे तूच मला समजावलंस. चौथी शिकलेल्या माणसाला ते काम दिलंस. तीन वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ मी घाटावर उतरलो. ताप असतानाही उतरलो.

ते दहा दिवस सोडून.

जूनमध्ये तुझा नारायणकाका गेला तेव्हाचे. पट्टी देवळाच्या घाटाच्या पायऱ्यांवर, आणि सुतकात त्या पायऱ्या आपण चढत-उतरत नाही. दुसऱ्या कुणाला सांगावं तर वाटलं, काम जाईल. मग पंचांग घेतलं, तिथीवरून भरती-सुकती काढली आणि आकडे भरले. आमच्या बापाचा हिशोब कधी चुकला नव्हता. पण त्याच दिवसांत वादळ झालं. मुरगावला, कारवारला पाणी हातभर चढलं, आणि माझ्या वहीत चोपड्याची नदी शहाण्यासारखी पंचांगाप्रमाणे चालली. हे कसं, म्हणून मॉरिशसवाल्यांनी विचारलं ते बरोबरच विचारलं.

गेल्या वर्षी तिथली ती भाग्यलक्ष्मीबाई आली होती, जिचे पणजोबा कोकणातले. वही चाळून तिने मोडक्या मराठीत मला सांगितलं होतं, "आजोबा, नाही पाहिलं तर जागा रिकामी ठेवा. रिकामी जागा आम्हाला चालते." मी मान डोलावली होती. तरीही भरले.

तुझी आई म्हणते, पोराच्या अन्नात माती कालवू नका. जानेवारीत मॉरिशसवाल्यांच्या बोटीवर तुझी निवड व्हायची आहे आणि ही वही त्यांच्याकडे तूच पोचवलेली, हे मला कळतं. वही सगळीच फेकून देतील, तुझं नाव कापतील, या भीतीने मी तुझा कागद दोनदा पुढ्यात घेतला.

दोन्ही वेळा पेन खाली ठेवलं. आज सकाळी तो कागद चुलीत घातला.

तुझ्या मोठ्या साहेबांना मी मराठीतच लिहिलंय. दहा तारखा दिल्या आणि कळवलं, हे आकडे पाहिलेले नाहीत, मनाने भरलेले आहेत, खोडा. बाकीचा प्रत्येक आकडा मी पाण्यात पाय घालून वाचलाय; ज्याला शंका असेल त्याने येऊन माझ्यासमोर बसावं, मग तो कुठल्याही देशाचा असो. तुझ्या कागदाबद्दल अक्षर लिहिलं नाही. ते पत्र काल धारगळच्या पोस्टात टाकलं. आता तू धावत आलास तरी ते परत मिळणार नाही.

काम काढून घेतलं तर घेऊ देत. पट्टी उपटून नेईपर्यंत मी वाचणार, आणि त्यांनी नेली तर पायऱ्या मोजून वाचीन.

रागावलास तर रागाव. पण सदाशिवच्या घरी जाऊन ये. त्याचं नाव तू लिहिलंस, मी नव्हे.

चूक करून कबूल झालेला,
आणि तुलाही कबूल व्हायला सांगणारा,
तुझा बाबा
शिवदास