फाटकातली पेटी

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार. सोबत थोडी आठवणही पाठवते आहे, कारण ती तुमच्याकडे कायम कमी पडते. मी कोण ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पाकीट उलटंपालटं करत बसायला नको. मी तुमच्या लेकीची सासू, भिंगरीची दुसरी आजी. लग्नाच्या दिवशी स्वयंपाकाची बाई समजून, चहात साखर कमी आहे म्हणून, तुम्ही जिला बोल लावला होतात ती. (मी मुकाट्याने साखर घातली होती. अंमळ जास्तच घातली होती.) तुमचे गुडघे कसे आहेत? माझे जागच्या जागी आहेत, याहून जास्त काही त्यांच्याबद्दल बोलवत नाही. रक्तदाबाची गोळी सकाळची सकाळीच घेता ना, की संध्याकाळी आठवलं की दोन्ही एकदम?

मला अक्षरओळख नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. विसरला असाल तर आता पुन्हा ठाऊक झालं. हे पत्र लिहून घेतायत त्या भिंगरीच्या वसतिगृहाच्या मोठ्या सिस्टर, म्हणजे नन. पुढे त्यांच्याबद्दल बरंच वाईट येणार आहे, पण मी सांगेन तसंच्या तसं उतरवायचं त्यांनी कबूल केलंय. खोटं लिहिणं त्यांना चालत नाही, हा त्यांच्या धर्माचा मला झालेला पहिला फायदा. (लिहा हो, थांबू नका.)

तर आपली भिंगरी. पोर लहानपणापासून तुमच्या घरात वाढली, तुमच्या हातचं खाल्ल्याशिवाय झोपली नाही, आणि आता औषधं बनवण्याचं शिकायला या ख्रिस्ती कॉलेजात आली. तो अभ्यासक्रम दुसरीकडे कुठे नाही, आणि ही जागा मिळावी म्हणून तिने वर्षभर डोळे फोडून अभ्यास केला, हे आपण दोघींनी पाहिलंय. नव्या मुलींसोबत पहिला आठवडा घरचं एक माणूस राहिलेलं इथे चालतं. माझ्या मुलाला आणि तुमच्या लेकीला रजा मिळेना. तुम्हाला पाठवलं असतं तर तिच्याआधी तुम्हीच रडून परत आला असता. राहिले मी. नियम मात्र कडक. पहिल्या आठवड्यात मुलगी पेटी घेऊन फाटकाबाहेर पडली की तिची जागा गेली. बाहेर दुसऱ्या मुली वाट बघत असतात, पुढचीला लगेच बोलावतात. रडून, हातापाया पडून काही उपयोग नाही. आता तुमच्या ध्यानात येईल की पेटी हा शब्द ऐकला तरी मला धडकी का भरत होती.

पहिल्या दिवशी अब्रू घालवण्याचं काम मी स्वतःच्या अंगावर घेतलं. इथे दिवसभर घंटा होतात. उठायची वेगळी, प्रार्थनेची वेगळी, जेवणाची वेगळी, तासांची वेगळी. मला वाटलं एवढी माणसं, एवढी घंटा, म्हणजे जेवणाचीच असणार. ताट आणि पेला घेऊन मी घोळक्यामागून चालत गेले आणि पुढच्या बाकावर मोक्याची जागा धरून बसले. समोर फादर. ते बोलू लागले तरी मला वाटलं, वाढायला उशीर झाला म्हणून माफी मागतायत. मग दानाची थाळी फिरायला लागली, आणि माझ्या बाजूच्या लोकांनी भाबडेपणाने माझ्याच ताटात नाणी टाकली. मी ती सगळी सिस्टरांना नेऊन दिली. त्या हसल्या नाहीत. (हसला नाहीत ना? बरं. ओठ चावला होतात असं लिहा.) पण त्या दिवसापासून बावरलेल्या नव्या मुली माझ्या भोवती जमायला लागल्या, कारण माझ्याहून मोठी फजिती आपली होणार नाही याची त्यांना खात्री पटली होती.

मग सिस्टरांनी मला रीतसर कामाला जुंपलं. जेवणघराबाहेरच्या बाकावर बसायचं आणि पोरींना धीर द्यायचा. मी त्यांना सांगायची की प्रार्थनेला कधीही पहिल्या बाकावर बसू नका, दुसऱ्यावर बसा, म्हणजे कधी उठायचं आणि कधी बसायचं ते पुढच्यांच्या पाठीवरून कळतं. आमेन होईस्तोवर चमच्याला हात लावायचा नाही, पण डोळे मिटण्याआधी पाव कुठे आहे ते बघून ठेवायला देवाची हरकत नसावी. एकीने घाबरत विचारलं की आम्हाला धर्म बदलायला लावतील का. सिस्टर मागेच उभ्या होत्या. म्हणाल्या, आधी घंटेला उठायला लाग, बाकीचं फार लांबचं आहे.

सगळ्या पोरी हळूहळू रुळल्या. रुळली नाही ती आपली. जी घरात एका जागी ठरत नाही म्हणून आपण भिंगरी म्हणतो, ती इथे खिळा ठोकल्यासारखी खाटेवर बसून. झालं असं की इथे जेवणाआधी रोज एका नव्या मुलीने उभं राहून अन्नासाठी दोन शब्द आभाराचे बोलायचे असतात, ज्या देवाला मानत असेल त्याला. तिची पाळी आली. सगळं जेवणघर डोळे मिटून, हात जोडून वाट बघतंय, सूप निवतंय, आणि हिच्या तोंडून अक्षर फुटेना. शेवटी हिने विचारलं, मी बसू का? आणि सगळं जेवणघर सवयीने म्हणालं, आमेन. त्यानंतर जे हसू फुटलं ते छताला लागलं. तेव्हापासून ही सगळ्यात शेवटी जायची, कोपऱ्यात चार घास गिळायची आणि परत खाटेवर. मी समजावलं, रागावले, स्वतःच्या ताटाची गोष्ट पुन्हा रंगवून सांगितली. ती म्हणायची, आजी, तुला कुणाचं काही वाटत नाही. जसा काही तो माझा आजार आहे.

आता मौनाचा दिवस. आठवड्याच्या शेवटी नव्या मुलींनी सकाळच्या घंटेपासून संध्याकाळच्या घंटेपर्यंत बोलायचं नाही, अशी इथली रीत आहे. स्वतःचं मन स्वतःला ऐकू यावं म्हणून. सिस्टर मला आदल्या रात्री म्हणाल्या, आजी, तुम्हाला सूट आहे हं. विहीणबाई, सूट हा शब्द मला फार लागला. मी म्हटलं, मी पण पाळणार. त्यांनी ज्या नजरेने पाहिलं ती नजर तुम्ही ओळखता, माझ्या मुलानेही ती तुमच्याकडूनच उचलली आहे. (लिहिलंत? लिहा.)

आणि मौनाच्या दिवशी दुपारी मी फाटकाकडे जरा वारा खायला गेले, तर ही पेटी घेऊन बाकावर बसलेली. काय डोकं बघा. मौनाचाच दिवस निवडला, म्हणजे कुठे चाललीस असं कुणी विचारणारच नाही. आणि मीही विचारू शकत नव्हते. पेटी बरोबर फाटकाखालच्या पट्टीवर, अर्धी आत, अर्धी बाहेर. मी शेजारी बसले आणि रुमालाचं टोक दातात धरलं. रस्त्यावर गाडीचा आवाज झाला की ती उठून उभी राहायची. गाडी पुढे निघून जायची. ती बसायची. नीट टेकायच्या आत पुढची गाडी. दरवान टोपी नाकावर ओढून झोपल्यासारखा बसला होता, पण ती रस्त्याकडे मान वळवायची तेवढ्यात त्याचा पाय लांब व्हायचा आणि पेटी बोटभर आत यायची. मी पाहिलं. सिस्टरांनीही पाहिलं, कारण तेवढ्यात त्या तिथे आल्या होत्या. त्यांनी एक शब्द उच्चारला असता, काय गं, एवढाच, तरी पोर उठून रस्त्याला लागली असती. त्या बोलल्या नाहीत. पेटीच्या पलीकडे बसून राहिल्या.

आणि मग, दोन्हीकडून दोन मुक्या बायका बघून, आपली भिंगरी बोलायला लागली. मौन तिनेच मोडलं. म्हणाली, कधी उठायचं, कधी बसायचं, काही कळत नाही, दुसऱ्याच्या घरात चोरून शिरल्यासारखं वाटतं. खोलीतली मुलगी झोपेत हसते तरी वाटतं मलाच हसते. माईने सांगितलंय की जमत नसेल तर ये, मी स्वतः टॅक्सी घेऊन येते. म्हणजे तुम्ही, विहीणबाई. माझ्या जिभेवर उत्तरांची रांग लागली होती. एक तरी बाहेर पडलं असतं तर ती पुन्हा गप्प झाली असती, हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला फक्त सिस्टरांपुढे हरायचं नव्हतं.

ऊन उतरलं. टॅक्सी आली नाही. घंटा झाली. पोर उठून उभी राहिली आणि म्हणाली, माई मला विसरली. ज्या आवाजात म्हणाली तो तुम्ही ऐकला नाहीत ते बरंच झालं. सिस्टरांनी दिवसातला पहिला शब्द तिच्याशी काढला. म्हणाल्या, मी इथे शिकायला आले तेव्हा तीनदा पेटी भरली होती, तुझी निदान नीट भरली आहे. (आता लेखणी अडली आहे. घडलंय ते लिहा, सिस्टर.) पेटी तोवर पुरती आत आली होती. एक कडी त्यांनी धरली, एक भिंगरीने.

त्या संध्याकाळी ती रागारागात सगळ्यांसोबत जेवायला बसली आणि वाडगा आपटून म्हणाली, माझी माई मला न्यायला यायचं विसरली. समोरची म्हणाली, माझे बाबा मला स्टेशनवर सोडून माझीच बॅग परत घेऊन गेले. तिसरीची आई फोनवर बहिणीचं नाव घेऊन हाक मारते. आपापल्या घरच्या माणसांना नावं ठेवता ठेवता सूप संपलं, कोपरा रिकामाच राहिला. तेव्हा विहीणबाई, आयुष्यात एकदा तुमच्या विसराळूपणाने कुणाचं भलं केलं. त्याबद्दल आभार मानायला हे पत्र.

तुमची विहीण (अंगठा)

ता. क. अक्षर बदललेलं दिसेल. सिस्टरांनी पाकीट टपालात टाकायला दरवानाकडे दिलं, ते आम्ही पुन्हा उघडलंय, आणि हे तो लिहितोय. विहीणबाई, तुम्ही विसरला नव्हतात. भिंगरी मौनाच्या आदल्या दिवशी याच्याच खोलीतल्या फोनवरून तुमच्याशी बोलली, ते याने ऐकून मला सांगितलं. तुमच्या गल्लीतल्या टॅक्सीवाल्याचा नंबर माझ्या मुलाने मला कापडावर शिवून दिला आहे, अडीअडचणीला. त्याच रात्री दरवानाने तो फिरवला आणि मीच टॅक्सीवाल्याला सांगितलं, बाई येणार नाहीत, गाडी काढू नकोस. ती इकडे फाटकात बसली होती तेव्हा तुम्ही तिकडे चांगली साडी नेसून दारात बसला होतात, हे मला दिसत होतं. गप्प बसणं त्यामुळे जास्त जड गेलं.

ता. क. दुसरा. टॅक्सीवाल्याला रागावू नका, त्याचा दोष नाही. माझ्यावर हवं तेवढं रागवा. पण पोरीला खरं सांगू नका. तिचा फोन येईल, भांडेल. तुम्ही म्हणा, अगं हो, विसरलेच बघ. मला ठाऊक आहे हे म्हणणं तुम्हाला किती कठीण जाईल, कारण तिच्या बाबतीत तुम्ही आजवर एकही गोष्ट विसरला नाहीत. हेच मागायचं होतं. वरचं सगळं पत्र सिस्टरांना बरं वाटावं म्हणून.

ता. क. तिसरा. आल्याची बिस्किटं पाठवा, अख्ख्या टेबलाला पुरतील एवढी, आणि डब्याचं झाकण असं घट्ट बसवा की तिला एकटीला ते उघडता येऊ नये.